बेबीनंदाचा शनिवार

वाटूरच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बेबीनंदाला कुणी विचारलं, की बाई, तुझं कुणाशी वाकडं आहे का, तर ती छातीवर हात ठेवून सांगायची, बिलकुल न्हाई, माझं कुणाशीच वाकडं न्हाई. अन् हे सांगता सांगता दर गुरुवारी शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीकडं ती अशी बघायची, की गाडीचं टायर तिथल्या तिथं बसावं. खोटं कशाला सांगायचं? जळत होती बाई. पातेल्याखालच्या जाळापेक्षा जास्त जळत होती, अन् तिचं तिला ते पुरतं ठाऊक होतं.

त्या गाडीतून उतरायच्या सिपोराबाई किहीमकर. वय सत्तरीच्या आसपास, अंगावर सुती साडी, गळ्यात बारीक साखळी, डोक्याला एवढासा अंबाडा. जालन्यात मस्तगडला राहायच्या. नवरा रेल्वेत होता म्हणून लग्न करून अलिबागकडून इकडं आल्या, पोस्टात नोकरी केली, रिटायर झाल्या. नवरा वारला, पोरं परदेशी गेली, पण बाई काही जालना सोडून हलल्या नाहीत. त्या ज्यू. बेने इस्राईल म्हणतात त्यांच्यातल्या. पुण्यात त्यांच्या समाजाची प्रार्थनेची जागा आहे. तिथल्या मंडळींनी एकदा बसून ठरवलं, की आपल्यात लहान लेकराला मांडीशी घेऊन, ओळीवर बोट ठेवून जसं वाचायला बसवतात, तसं सरकारी शाळेतल्या पोरांना बसवायचं. एक पोर, एक मोठं माणूस, वीस मिनिटं. मोठ्या माणसानं शिकवायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं ऐकायचं. त्याला ते वाचनमित्र म्हणायचे. जालना जिल्ह्यातल्या तीन शाळा त्यांनी घेतल्या, कारण इथं सिपोराबाई होत्या. गुरुवारी त्यांच्याबरोबर पुण्याची दोघं-तिघं यायची अन् पुस्तकांची एक पत्र्याची पेटी यायची.

ज्यू लोक येणार म्हटल्यावर बेबीनंदाला वाटलं होतं, कुणी गोरी, टोपीवाली मडम येईल, इंग्रजी फाडेल, पोरं बुजतील अन् महिन्याभरात प्रकरण आटपेल. आली ती ही. गाडीतून पाय खाली ठेवला अन् म्हणाली, अगं बाई, केवढं ऊन आहे तुमच्याकडे. पोरं खुदकन हसली. परकी म्हणून चार हात लांब ठेवावी, तर तेवढी सोयसुद्धा त्या बाईनं ठेवली नाही.

तुम्ही म्हणाल, एक म्हातारी येते, पोरांना पुस्तकं देते, त्यात खिचडीवालीच्या पोटात दुखायचं कारण काय? कारण होतं. त्या शाळेत पोरांचं वाचन ऐकायचा मान बेबीनंदाचा होता. एकदोन नाही, अकरा वर्षांचा. सकाळी ती पत्र्याच्या शेडमध्ये तांदूळ निवडत बसली, की पोरं पुस्तक घेऊन पुढ्यात उकिडवी बसायची अन् धडा वाचून दाखवायची. ती मान वर करायची नाही. हात ताटात, नजर खड्यावर अन् कान पोराकडं. पोरानं एक शब्द इकडचा तिकडं केला, की लगेच म्हणायची, काय वाचलं? परत वाच. जे लेकरू अख्खं पान न चुकता वाचील, त्याला पातेल्याच्या बुडाची खमंग खरवड. त्या खरवडीपायी अर्धं गाव वाचायला शिकलं, असं मुख्याध्यापक भारत सर आल्यागेल्या साहेबाला सांगायचे, अन् बेबीनंदा पदर सावरून खाली बघायची.

आता त्यातलं खरं काय ते ऐका. बेबीनंदाला वाचता येत नव्हतं. नावाची सही सोडली तर अक्षराशी तिची ओळख नव्हती.

माहेर तीर्थपुरीचं. सात भावंडांत ती दुसरी. दोन महिने शाळेत गेल्ती, मग धाकटी भावंडं पाठीशी लागली अन् दप्तर खुंटीला लागलं. तिथं दोष द्यावा असं कुणी नव्हतं. आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या रानात राबायचे. पण ज्या वस्तीत ती नांदायला आली, तिथं घराघरात बाबासाहेबांचा फोटो अन् फोटोखाली पोरांच्या डिग्र्या. शेजारची सून बी.ए., पलीकडचा पुतण्या वकील, समोरची म्हातारी ऐंशी वर्षांची पण पेपर वाचल्याशिवाय चहा घ्यायची नाही. जयंतीच्या मांडवात माईकवरून दर वर्षी एकच सांगणं, शिका. बेबीनंदा बायकांत बसून मान डोलवायची अन् आतल्या आत चोर व्हायची. नवऱ्याला, सर्जेरावला, माहीत होतं. तो वाटूर फाट्यावर शिलाईचं मशीन घेऊन बसायचा, अन् बायकोचं झाकलेलं झाकलेलंच ठेवायचा. एवढ्या बाबतीत माणूस चांगला.

शाळेत कामाला लागली त्या वर्षी एका पोरीनं तिच्यापुढं धडा वाचला अन् मधला शब्द गाळला. तोच धडा शेजारचं पोरगं ओट्यावर बसून रोज घोकायचं, तिच्या कानात तो बसलेला. तिनं सहज टोकलं. भारत सर मागं उभे होते. म्हणाले, वा, मावशी तर हुशार आहेत. तिथं तिनं तोंड उघडून खरं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मग ते खोटं सांभाळणं हेच तिचं शिक्षण झालं. पहिलीपासून चौथीपर्यंतचं सगळं पुस्तक तिनं कानानं पाठ केलं. पुस्तक बदललं, की महिनाभर तिची त्रेधा उडायची. वर्गाच्या खिडकीखाली भाजी चिरायला बसायची, नवा धडा झिरपेपर्यंत हलायची नाही. पण एकदा पाठ झालं की झालं. काना-मात्रा चुकू द्यायची नाही.

या सगळ्यांत तिचा जीव कुणात असेल तर तो नातीत. प्रिया तिचं नाव. आठ वर्षांची, तिसरीत. आई-बाप चाकणला कंपनीत, दोघांची शिफ्ट, म्हणून पोर तीन वर्षांची असल्यापासून आजीपाशी. संध्याकाळी भाकरी थापताना प्रिया पाटावर बसून वाचायची अन् आजी तव्याकडं बघत बघत तिला टोकायची. आजीसारखं कुणालाच येत नाही, असं ती वर्गात सांगायची. ते एक वाक्य बेबीनंदाला दिवसभर पुरायचं.

अन् मग जुलैत ती पेटी आली. पेटीत पन्नास पुस्तकं अन् त्यातलं एकही बेबीनंदाच्या कानावरून गेलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात प्रिया त्यातलं एक घेऊन शेडमध्ये आली. एका बोकडाची गोष्ट होती. बोकड आठवडी बाजारात जातो अन् आरशाच्या दुकानापुढं स्वतःशीच भांडायला लागतो. प्रिया वाचत होती, बेबीनंदा डाळ घोटत हुं-हुं करत होती. बाजारातला बोकड एकदम विहिरीत कसा पोचला, हे तिच्या काही ध्यानात आलं नाही. ती म्हणाली, बराबर, पुढं वाच. प्रिया थांबली. तिनं पान मागं उलटलं. दोन पानं एकाला एक चिकटली होती, मधलं सगळं राहून गेल्तं. तिनं पानं सोडवली, आजीच्या तोंडाकडं बघितलं, अन् पुस्तक मिटून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली नाही. घरी पाटावर बसली ती पाढे म्हणत. अन् पुढच्या गुरुवारी कडुनिंबाखाली सिपोराबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, ओळीवर बोट ठेवून खळाखळा वाचू लागली. त्यांना ती सिपोरा आजी म्हणायला लागली. आजी म्हणे. जिनं नहाणं घातलं, तापात रात्री उशाशी काढल्या, ती आजी, अन् आठवड्यातून वीस मिनिटं मान हलवती ती पण आजी.

तिथून बेबीनंदाच्या अंगाचा जो तिळपापड सुरू झाला, तो थांबायचं नाव घेईना. गुरुवारी ती खिचडी मुद्दाम पंधरा मिनिटं आधी उतरवायची अन् ताटांचा असा खणखणाट करायची की झाडाखालचं वाचन बंद पडावं. सिपोराबाई हसून म्हणायच्या, चला बाळांनो, जेवण गरम आहे तोवर जेवा. त्यांच्या हसण्यानं हिला आणखी मिरच्या झोंबायच्या. घरी येऊन सर्जेरावपुढं तोफ सुटायची. एवढी कसली ती गोडबोली. जालन्यात पोरं न्हाईत का. आमच्याच शाळेत काय ठेवलंय. सर्जेराव टीप मारता मारता म्हणायचा, तुझी खिचडी बी खातीच की ती, मंग ऐकू दे दोन शब्द. त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ नसायचं.

पण नुसतं जळणं असतं तर निभावलं असतं. त्याच्या तळाशी भीती होती. प्रियाला कळलं होतं, हे बेबीनंदाला त्या बोकडाच्या दिवशीच उमगलं. आता पोरगी गुडघ्याला गुडघा लावून वीस मिनिटं बसते, तर फक्त पुस्तकच वाचत असेल का? सांगितलं असेल तिनं. माझ्या आजीला वाचता येत नाही, असं त्या बाईच्या कानात घातलं असेल. म्हणून तर ती बाई एवढी हसून बोलते. कीव करून राह्यली माझी. असं स्वतःशी घोकत बेबीनंदा कांदा चिरायची, अन् डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे कुणी विचारायची सोय नव्हती.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सिपोराबाई शेडच्या दारात पाणी प्यायला आल्या अन् पायरीवर टेकल्या. बोलता बोलता बेबीनंदानं विचारलं, की सरकार शनिवारी दप्तराची सुट्टी देतं, पोरं मोकळी असतात, मग तुम्ही शनिवार सोडून गुरुवारी का येता? बाई म्हणाल्या, शनिवार आमचा शब्बाथ. त्या दिवशी आम्ही चूल पेटवत नाही, गाडीत बसत नाही, पैशाला हात लावत नाही, लिहीत नाही. देवाचा अन् विश्रांतीचा दिवस. बेबीनंदानं हं केलं अन् तांदूळ निवडत राहिली. पण तिनं ती गोष्ट पदराला गाठ मारून ठेवली.

फेब्रुवारीत भारत सरांनी शाळा समितीची मीटिंग घेतली. वर्षभर पोरं वाचायला शिकली, तर एक वाचन-मेळावा घेऊ. गाव बोलवू. प्रत्येक पोरानं आवडीचं एक पान वाचायचं, शेजारी त्याचं माणूस बसेल. तारीख कुठली धरायची? प्रियाची पालक म्हणून बेबीनंदा समितीवर होती. दोन वर्षांत तिनं मीटिंगमध्ये तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. म्हणाली, "शनिवारी ठेवा, सर. सकाळची शाळा असते, दप्तर न्हाई, अन् रानात जायच्या आधी मायबापाला बी जमतं." सगळ्यांनी माना हलवल्या. सर म्हणाले, मावशी बरोबर बोलल्या. शनिवार पक्का.

घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. शनिवारी गाडी येणार नाही. पुण्याची मंडळी येणार नाही. प्रियाशेजारी तिची खरी आजी बसणार. पोरीला ती पाठ्यपुस्तकातलाच धडा वाचायला सांगणार होती, नदीवरचा, तिच्या जिभेवर असलेला. अन् पोर कुठं अडलं तर सगळ्या गावासमोर आजीच तिला पुढचा शब्द देणार होती. दोन दिवस बाई कामाला लागली ती गाणं गुणगुणत.

तिसऱ्या दिवशी भारत सर शेडमध्ये आले. सिपोराबाईंना फोन केल्ता, म्हणाले. त्या म्हणतात, शनिवार तर शनिवार, माझ्यासाठी बदलू नका. पुण्याच्या लोकांना जमायचं नाही, पण मी शुक्रवारी दुपारीच येते. शनिवारी गाडीत बसायचं नाही, पण पायी चालायला बंदी नाही. शाळेपासून चालत येण्यासारखं घर तेवढं बघून ठेवा. "मंग मी म्हणलं, बेबीमावशींचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे. चालतंय ना?"

काय म्हणणार? पाहुण्याला नाही म्हणायची रीत तिच्या घरात नव्हती. चालतंय, म्हणाली. सर गेल्यावर तिनं हातातला झारा असा आपटला की दांडा वाकला.

शुक्रवारी चार वाजता सिपोराबाई पिशवी घेऊन दारात हजर. प्रियाचा आनंद घरात मावेना. बाई म्हणाल्या, सूर्य मावळायच्या आत माझं सगळं उरकायचं, मग मी विस्तवाला अन् बटणाला हात लावत नाही. शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच लागतो, हे बेबीनंदाला तेव्हा कळलं. तिनं ज्वारीच्या भाकरी केल्या, वांग्याची भाजी केली अन् ठेच्यात मिरच्या अंमळ जास्तच घातल्या. बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं, अन् त्यांनी तोच ठेचा पुन्हा मागून घेतला. सर्जेराव खाली मान घालून हसत होता. त्याला नंतर ते महागात पडलं.

पण हे जेवायच्या वेळचं. त्याच्या आधी, ऊन उतरायला लागल्यावर, बाईंनी पिशवीतून काचेचा लहान दिवा काढला, खोबरेल घालून लावला, दोन्ही हातांनी डोळे झाकले अन् काहीतरी पुटपुटल्या. मग मनुकांच्या शरबताचा पेला पुढं ठेवला अन् जुनं, कडा झिजलेलं एक पुस्तक मांडीवर घेतलं. पुस्तक उजवीकडून उघडत होतं. त्या सुरात म्हणू लागल्या. आवाज बरा होता. बेबीनंदा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती, अन् बघता बघता तिचे डोळे बारीक झाले.

बाईची नजर ओळीवरून सरकत नव्हती. पानाच्या मध्यावर एका जागी ठरली होती. पान उलटताना अंगठ्यात दोन पानं एकदम आली, ती तशीच उलटली, अन् म्हणण्यात कुठं खंड पडला नाही. दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानात आलं नसतं. पण अकरा वर्षं जिनं हेच केलं, तिच्यापासून लपणार कसं? बेबीनंदाच्या पोटात असा आनंद उसळला म्हणता! पकडली. हिला पण येत नाही. वाचनमित्र म्हणवते अन् स्वतःच्या देवाचं पुस्तक हिला वाचता येत नाही.

प्रियानं पण बघितलं होतं. प्रार्थना संपल्यावर ती हळूच म्हणाली, सिपोरा आजी, तुम्ही एक पान सोडलं.

बाई हसल्या. काही चोरल्यासारखं नाही, चांगल्या खळखळून हसल्या. "अगं, मला कुठं ही अक्षरं येतात. मराठी येतं, इंग्रजी येतं, पण हे हिब्रू. वडील म्हणायचे, मी ऐकायची, तसं पाठ झालं. पुस्तक आपलं त्यांची आठवण म्हणून धरते. कुठलं पान आहे ते देवालाच माहीत."

सर्जेराव पण हसला. प्रिया हसली नाही. तिनं आजीकडं बघितलं, क्षणभरच, अन् मग दिव्याकडं बघत राहिली.

बेबीनंदाचा सगळा आनंद जागच्या जागी विरला. बाईला वाचता येत नाही याचं तिला काहीच वाटेना. तिला खुपलं ते निराळंच. जे आपण अकरा वर्षं छातीशी धरून, भिऊन भिऊन जगलो, ते ही बाई परक्या घरात बसून, शरबताचा घोट घ्यावा इतक्या सहज बोलून गेली. अन् तिचं काहीसुद्धा कमी झालं नाही. प्रियाच्या डोळ्यांत तर नाहीच. बेबीनंदाला त्या बाईच्या पुस्तकांचा हेवा वाटला होता, हसण्याचा वाटला होता, नातीचा तर होताच. पण त्या संध्याकाळी जो वाटला, तसला हेवा तिला जन्मात कुणाचा वाटला नव्हता.

शनिवारी सकाळी शाळेच्या अंगणात सतरंज्या पडल्या. गाव लोटलं. पोरं एकेक करून टेबलाजवळ यायची, शेजारी बाप नाहीतर माय बसायची. प्रियाची पाळी आली तेव्हा भारत सरांनी दोन्ही आज्यांना बसवलं, एक इकडं, एक तिकडं. बेबीनंदानं सांगून ठेवलेला नदीचा धडा प्रियानं आणलाच नाही. तिनं पेटीतलं पुस्तक आणलं होतं, सुगरणीच्या खोप्याचं. असं वाचलं पोरीनं, की मागची कुजबुज थांबली. बेबीनंदाला पुढचा एक शब्द ठाऊक नव्हता, अन् पोर कुठं अडलंही नाही.

टाळ्या झाल्या. मग सरांनी एक रंगीत कार्ड काढलं. ही त्यांच्या डोक्यात त्याच सकाळी आलेली कल्पना. शेजारी बसलेल्या माणसानं पोराबद्दल दोन ओळी लिहायच्या, मोठ्यानं वाचून दाखवायच्या, अन् कार्ड पोरानं घरी न्यायचं. आधीच्या पोरांच्या मायबापांनी चारदोन शब्द लिहिलेही होते, पण तेव्हा शेडमध्ये चहा टाकत असलेल्या बेबीनंदाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी कार्ड अन् पेन सिपोराबाईंच्या पुढं केलं.

बाईंनी हात मागं घेतले. "सर, आज शनिवार. आज मी लिहीत नाही. प्रियाच्या आजी आहेत ना, त्या लिहितील."

पेन बेबीनंदाच्या हातात आलं. तिच्या डोक्यात पहिलं हेच आलं, की हिनं मुद्दाम केलं. हिला प्रियानं सांगितलंय सगळं, अन् आता गावापुढं माझी अब्रू घालवून राह्यली. पण शनिवार मागितला कुणी होता? तिनंच. दुसऱ्या कुठल्याही वारी ते पेन त्या बाईच्या हातात राहिलं असतं. पुढं अख्खं गाव बसलं होतं. बी.ए. झालेली सून होती, वकील होता, पेपर वाचणारी म्हातारी होती. सर म्हणाले, मावशी, लिहा ना.

तेवढ्यात प्रिया बोलली.

"सर, आजीचा चष्मा घरी राह्यला. ती सांगंल, मी लिहिते."

ना अडखळली, ना थांबली. कधीपासून जिभेवर तयार असल्यासारखं तिनं ते सांगून टाकलं. बेबीनंदाला चष्मा नव्हता. जन्मात कधी नव्हता. तिनं नातीकडं बघितलं. पोरीचे कान लालबुंद झाले होते, नजर सरांवर खिळली होती, अन् हात पेनासाठी पुढं आला होता.

हो बाळा, लिही, एवढं म्हटलं की सुटका होती. ते शब्द ओठावर आलेसुद्धा. पण शेजारी ती बाई बसली होती, काल दिव्यापुढं हसत हसत मला कुठं अक्षरं येतात म्हणणारी. ती सांगू शकते अन् मी न्हाई? बेबीनंदाच्या आत काहीतरी इरेला पेटलं.

"चष्मा न्हाई, सर, मला," ती म्हणाली. "मला वाचताच येत न्हाई. लिहिता बी येत न्हाई. पोरांचं ऐकून ऐकून पाठ होतं सगळं."

 तिनं सगळ्यांच्या आधी सिपोराबाईंच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काय असेल हे तिला ठाऊकच होतं. सगळं आधीपासून माहीत असलेल्या माणसाचं तोंड. पण बाईंचा आ वासलेला होता. त्या कधी बेबीनंदाकडं, कधी प्रियाकडं, कधी सरांच्या हातातल्या कार्डाकडं बघत होत्या. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

अन् प्रिया रडायला लागली. रागानं.

"कशाला सांगितलं?" ती म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं न्हवतं. सिपोरा आजीला बी न्हाई. नवी पुस्तकं तुझ्यापुढं वाचली असती तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून मी तिकडं बसत होते."

बेबीनंदानं हात पुढं करून तिला जवळ ओढलं, पण पोरगी येईना. सात महिने तिनं एकटीनं सांभाळलेली गोष्ट आजीनं सगळ्या गावापुढं सांडून टाकली होती, अन् ती आजीवर मनापासून चिडली होती.